मदत हवी आहे: एचटूएस टॉवरचा मिडिया रीजनरेट करूनही टिकत नाहीये

शिफ्टवाला_सांगली:
नमस्कार मंडळी, सांगलीकडे एका साखर कारखान्याच्या सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) प्लांटवर आहे, प्रेसमडवर (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर) चालतो. ताशी साधारण ४०० घनमीटर कच्चा गॅस निघतो, त्यात एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी गॅस) १५०० पीपीएम (दहा लाखात १५०० भाग) धरलेला. तो काढायला आयर्न ऑक्साइडच्या गोळ्यांचा एक टॉवर, ३ टन मिडिया (म्हणजे त्याच गोळ्या), आणि त्याच्या पुढे व्हीपीएसए (कार्बन डायऑक्साइड काढून मिथेन शुद्ध करणारं युनिट). नवा मिडिया भरला तेव्हा २४ दिवस मस्त चालला, मग आउटलेटला वास यायला लागला म्हणून कंपनीवाल्यांनी सांगितलं तसं रीजनरेशनसाठी, म्हणजे मिडिया परत ताजा करायला, गॅस बंद करून ब्लोअरने हवा मारली. त्यानंतर १३ दिवस. परत हवा मारली तर आता ६ च दिवस, आणि साहेब म्हणतात तुम्हाला रीजनरेशन जमत नाही, नवीन मिडिया मिळणार नाही.

दुसऱ्या वेळी टॉवर एवढा तापला की मधल्या भागाचा रंग फुगून आला, टेंपरेचर गनने बाहेरून ७८ दाखवत होता. चार तासांनी गार झाला म्हणून बंद केलं. नंतर मॅनहोल उघडला तर वरच्या गोळ्या चिक्कीसारख्या एकमेकांना चिकटलेल्या, एक ढेकूळ हाताने फोडलं तर बाहेरून पिवळं आणि आत काळंकुट्ट. तेवढी ढेकळं काढून पोत्यात भरून ठेवलीत. आमचं चुकतंय का मिडियाच फालतू आहे?

लोखंडी_चणे:
भाऊ, तुमच्या ढेकळानेच उत्तर दिलंय. आयर्न ऑक्साइड एचटूएस खाऊन काळा आयर्न सल्फाइड होतो, हवा दिली की परत ऑक्साइड होतो आणि गंधक सुटा पडतो. पण तो गंधक जात कुठेच नाही, गोळीच्या छिद्रांतच बसतो. म्हणजे कितीही नीट केलं तरी प्रत्येक वेळी ताकद थोडी कमी होणारच. तुमच्याकडे वर अजून एक भानगड झाली. बाहेरून ७८ म्हणजे आत कुठेतरी त्याहून बरंच जास्त असणार, आणि ११५ च्या आसपास गंधक वितळतो. वितळून गोळीवर लुकण बसलं की आतल्या काळ्या मालापर्यंत ना हवा पोचते ना गॅस. हवा मग ढेकळांच्या बाजूने वाट काढून निघून जाते, टॉवर गार होतो, आणि आपल्याला वाटतं काम झालं.

बरं, हवा मारायच्या आधी नायट्रोजनने गॅस बाहेर काढला होता का? मिथेन हवेत ५ ते १५ टक्के झाला की स्फोटाचा, आणि तुमच्याकडे तापलेला सल्फाइड म्हणजे काडी आधीच पेटवून ठेवलेली.

शिफ्टवाला_सांगली:
नाही हो, व्हेंट उघडून थोडा वेळ सोडला आणि डायरेक्ट ब्लोअर. आता वाचून घाम फुटला.

लोखंडी_चणे:
नशीब समजा. पुढच्या वेळी टॉवरच्या दोन्हीकडे ब्लाइंड (पाइप पूर्ण बंद करणारी प्लेट) टाका, नायट्रोजन मारून मीटरवर मिथेन गेल्याची खात्री करा, मग नायट्रोजनमध्येच थोडी हवा मिसळा, ऑक्सिजन १-२ टक्क्यांपासून सुरू. बेडच्या (गोळ्यांच्या थराच्या) आत थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) हवा, गनवर विसंबू नका. ५०-६० च्या वर जायला लागला की हवा तोडायची, नायट्रोजन चालू ठेवायचा. आत जाणारा आणि बाहेर येणारा ऑक्सिजन सारखा झाला की रीजनरेशन संपलं, नुसतं गार झालं म्हणून नाही. आणि हवा कोरडी नको, या गोळ्यांना ओल लागते.

मळीतला_माणूस:
मधेच घुसतो. दादा, इनलेटचा एचटूएस शेवटचा कधी मोजला? आणि डायजेस्टरमध्ये (गॅस तयार होतो त्या टाकीत) स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) टाकता का?

शिफ्टवाला_सांगली:
टाकतो, महिन्याभरापासून. इनलेट सुरुवातीलाच मोजला होता, आता फक्त आउटलेटला ट्यूब (एचटूएस मोजायची काचेची नळी) लावतो.

मळीतला_माणूस:
तिथेच गोम आहे. स्पेंटवॉशमध्ये सल्फेट भरपूर, त्याचाच एचटूएस होतो. दिवस मोजू नका, किलो मोजा. १५०० पीपीएमला तुमच्या फ्लोवर दिवसाला २० किलो एचटूएस होतो, म्हणजे पहिल्या भरणीने ४८० किलो खाल्ला, मिडिया अजिबात फालतू नाही. आज इनलेटला ट्यूब लावून आकडा टाका.

शिफ्टवाला_सांगली:
आत्ता मारली. २६०० आला!!

मळीतला_माणूस:
म्हणजे दिवसाला ३५ किलो, ६ दिवसात २१०. पहिल्याच्या निम्म्याच्या आत आहे, म्हणून रीजनरेशनचा दोष आहेच, पण साहेबांना वाटतो तेवढा नाही, हा हिशोब त्यांच्यासमोर ठेवा. स्पेंटवॉश थांबवत नसाल तर डायजेस्टरमध्ये फेरिक क्लोराइडचा डोस सुरू करा, बराचसा गंधक तिथेच बसेल. दुसरं म्हणजे चालू गॅसमध्येच अगदी थोडी हवा सोडता येते, मिडिया काम करता करता रीजनरेट होत राहतो. २६०० ला हिशोबाने ताशी अडीच घनमीटर हवा पुरते, दुप्पट धरली तरी गॅसच्या सव्वा टक्का. नायट्रोजन मात्र मिथेनबरोबर पुढे येतो, दीड-दोन टक्के शुद्धता खाईल. आयएस १६०८७ (बायोगॅसचं भारतीय मानक) ला मिथेन ९० टक्के लागतो, तुमच्या शुद्धतेत तेवढी जागा असेल तर चालून जाईल. ऑनलाइन ऑक्सिजन मीटर आणि हवा आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह नसेल तर या वाटेला जाऊच नका.

लोखंडी_चणे:
आणि जमलं तर दुसरा टॉवर मागा, एकामागे एक जोडा. एकाच टॉवरवर चालवलं की रीजनरेशन नेहमी घाईतच होतं.

एक राहिलं, ती ढेकळांची पोती कुठे ठेवलीत?

शिफ्टवाला_सांगली:
शेडच्या मागे, बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) ढिगाला लागून. ८-१० पोती आहेत.

लोखंडी_चणे:
अरे बाबा, आत काळं आहे म्हणालात ना, तो सल्फाइड उघड्यावर आपोआप पेटतो. आत्ता उठा, आधी पाण्याने चिंब भिजवा आणि मग बगॅसपासून लांब न्या, एकावर एक रचू नका. चेहरा लांब ठेवा, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, गॅस मीटर लावून जा.

शिफ्टवाला_सांगली:
जाऊन आलो. वरची गार होती, मधली दोन चांगली कोमट लागली. फायरचा पाइप लावलाय, वाफ निघतेय. साहेबांना फोन केलाय, येतायत.