मदत हवी आहे: मेणपतंग आणि नेकेड मोल रॅटच्या कानांची तुलना कशी मांडू?

नमस्कार मंडळी, प्राण्यांच्या ऐकण्यावर मुलांसाठी एक लेख लिहितेय, त्यात मधमाश्यांच्या पोळ्यात अंडी घालणारा मोठा मेणपतंग आणि जमिनीखाली बिळात राहणारा नेकेड मोल रॅट समोरासमोर ठेवायचेत. गाडी अडलीये ती कानांपाशी.

मेणपतंगाला 300 किलोहर्ट्झपर्यंत (आवाज किती उंच पट्टीतला ते मोजायचं हे एकक) ऐकू येतं, स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं होतं. आपलं ऐकणं 20 लाच संपतं, आणि वटवाघळं ज्या आवाजांवर शिकार करतात तेही इतके वर जात नाहीत. एवढं सगळं पोटावरच्या दोन कानांनी, एकेका कानात ऐकणाऱ्या पेशी फक्त चार! मला तर हे वाचून अजूनही भारी वाटतं.

दुसरीकडे मोल रॅटचं ऐकणं साधारण 13 किलोहर्ट्झच्या आतच आटपतं आणि हळू आवाज तर त्याला कळतच नाहीत. पण म्हणून त्याला 'बहिरट' म्हणणं मला पटत नाही, कारण बोगद्यात बारीक, म्हणजे उंच पट्टीतले आवाज लांब जातच नाहीत, जाड, खालच्या पट्टीतले आवाजच पोचतात, शिवाय हे प्राणी सतत चिवचिवत असतात आणि प्रत्येक वसाहतीची चिवचिवण्याची स्वतःची बोली असते, 2021 मध्ये यावर संशोधन आलंय. वसाहतीची राणी, म्हणजे पिल्लं घालणारी एकटी मादी, गेली की बोली विस्कळीत होते म्हणे, म्हणजे ऐकण्यावर त्यांचं अख्खं घर चाललंय ना?

तर पहिलं म्हणजे, दोघांना एकाच किलोहर्ट्झच्या पट्टीवर दाखवू का, की 'कोणाचा आवाज ऐकायचाय' असा वेगळा रकाना करू? पट्टी एकच ठेवली तर मोल रॅट हरल्यासारखा दिसतो आणि मुलं तेवढंच लक्षात ठेवतील.

दुसरं, आयुष्याचं काय करू, मोल रॅट 30 वर्षांच्या वर जगतो आणि मेणपतंगाला पंख फुटले की काही खातच नाही, थोड्याच दिवसांत संपतो, मग त्याचं वय अंड्यापासून धरायचं ना?

अजून एक, पतंगाची अळीपण पोळ्यात रेशमाचं अस्तर लावत बोगदे करत जाते, तेही एका राणीच्याच राज्यात, फक्त ती तिथे चोर आणि मोल रॅट घरचा. हे साम्य मला फार आवडलंय पण ओढूनताणून आणल्यासारखं वाटतंय का? कीटकांवर काम करणाऱ्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल, आणि सोपं चित्र कसं काढता येईल हेही सुचवा प्लीज.