मोरांना दाणे, मागोमाग उंदीर आणि आता घोणस... टेकडीला लागून सोसायटी आहे, काय करावं?

टेकडीखालची (बावधन)

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते कारण विषय गुंतागुंतीचा झालाय आणि रविवारी आमची सर्वसाधारण सभा आहे.

आमच्या सोसायटीची मागची भिंत थेट टेकडीला लागून आहे. भिंतीच्या आत साधारण पंधरा फुटांची पट्टी आहे, तिथे आम्ही काही जणींनी मिळून भाजी लावतो, मेथी, पालक, मिरच्या, टोमॅटो, मांडवावर दोडका. पुढे पंपरूम आणि त्याच्या बाजूला पडीक जागा, तिथे गवत आणि झुडपं वाढलीयेत. सकाळी मोर येतात, लांडोरी पिल्लांना घेऊन येतात, मुंगूस तर रोजचंच. आम्ही सगळे खरं तर याचसाठी इथे राहायला आलो.

आता झालंय असं की सी विंगमधले एक आजी-आजोबा रोज पहाटे भिंतीपाशी बाजरी आणि तांदूळ टाकतात, अगदी मनापासून, त्यांना त्यात फार समाधान आहे. त्यांचं बघून अजून दोन-तीन घरांनी सुरू केलं. मोर आता दाणे खाऊन तिथेच थांबतात आणि आमची रोपं मुळापासून उपटतात. उंदीर प्रचंड वाढलेत, पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायरी कुरतडल्या. आणि मागच्या आठवड्यात पंपरूमच्या मागे घोणस निघाली. वॉचमनदादांनी सर्पमित्राला बोलावलं, त्यांनी नीट पकडून नेली, कोणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून ग्रुपवर नुसती भांडणं चालू आहेत. एक गट म्हणतो मागचं सगळं गवत-झुडपं जेसीबीने साफ करून पेव्हर ब्लॉक टाका. दुसरा म्हणतो भाजीची बाग बंद करा. एक जण तर म्हणाले मोर पकडून लांब सोडून यायची सोय करा. आजी-आजोबांना ग्रुपवर नको नको ते बोलले लोक, आजी रडल्या म्हणे.

मला बाग पण हवीये, मोर पण हवेत, आणि सोसायटीतली लहान मुलं सुरक्षित पण हवीत. सभेत नेमकं काय मांडू? टेकडीजवळ राहणाऱ्यांनी प्लीज अनुभव सांगा. आणि काय लावलं तर टिकेल तेही.

रानवाट (पाषाण)

ताई, मी बरीच वर्षं साप पकडून सोडायचं काम करतो, पाषाण-सूस-बावधन हाच पट्टा. तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे. दाणे, मग उंदीर, मग घोणस, हीच साखळी. मोरांनी टिपून उरलेले दाणे रात्री उंदीर खातात, आणि घोणस त्या उंदरांच्या मागे येते. गवत साफ केलं आणि दाणे चालू ठेवले तर उंदीर पेव्हर ब्लॉकखाली बिळं करतील आणि साप ड्रेनेजमधून येईल. म्हणजे पैसे पण गेले आणि साप पण दिसेनासा झाला, जे जास्त धोक्याचं.

घोणशीबद्दल सोसायटीत सगळ्यांना माहिती हवी म्हणून लिहितो. अंगावर साखळीसारखे तपकिरी गोल ठिपके असतात, जाड आणि आखूड शेपटीचा साप, लोक अजगराचं पिल्लू समजून हात लावायला जातात आणि घात होतो. चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा आवाज करते, तो आवाज आला की जागेवर थांबायचं, कुठे आहे ते बघायचं आणि मग मागे सरकायचं. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेळी वीस ते चाळीस सुद्धा, आणि पावसाच्या आगेमागे हेच चालू असतं. पिल्लं विषारीच असतात. त्यामुळे आत्ताचे दोन-तीन महिने जपून. पण घाबरून जेसीबी आणू नका, पाला-दगड हलवताना लपलेले साप बाहेर येतात आणि ते घरांच्या दिशेने पण येऊ शकतात.

करायच्या गोष्टी सांगतो. दाणे पूर्ण बंद, थोडे पण नाही. ओला कचरा झाकणाच्या डब्यात. पंपरूमच्या दाराखालची फट बंद करा, आणि पावसाच्या पाण्याची जी भोकं भिंतीला खाली ठेवलेली असतात त्यांना लोखंडी बारीक जाळी बसवा, भोकं बुजवू नका नाहीतर टेकडीवरून येणारं पाणी भिंत पाडेल. चालायच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर रुंद गवत आखूड ठेवा, म्हणजे पाऊल कुठे पडतंय ते दिसतं. मागे दिवे लावा आणि रात्री बॅटरीशिवाय जायचं नाही. मालीकाकांना गमबूट द्या, हे सगळ्यात आधी, कारण पाल्यात हात-पाय त्यांचा जातो, आपला नाही, आणि सभेत त्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

कार्बोलिक अॅसिड, फिनाइल, बाजारातल्या साप पळवायच्या पावडरी यावर एक रुपया घालवू नका. साप त्याने थांबत नाही, उलट मुलांच्या अंगावर अॅसिड गेलं तर भाजतं.

चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला आडवं करून शांत ठेवायचं, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, चावलेला हात किंवा पाय कमी हलवायचा आणि १०८ ला फोन करून किंवा गाडीने थेट अशा हॉस्पिटलला न्यायचं जिथे सापाच्या विषावरचं औषध आहे. जवळ कुठे आहे ते आजच फोन करून विचारून ठेवा आणि नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. आपल्याकडचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप मारून हॉस्पिटलला घेऊन जायची गरज नसते. साप दिसला तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

सूसरोड_निवासी

सगळं ठीक आहे पण मोरांचा त्रास खरा आहे. आमच्याकडे गाड्यांच्या काचेत स्वतःला बघून चोची मारतात, पत्र्यावर पहाटे चारला ओरडतात. वनखात्याला सांगून दुसरीकडे हलवता येत नाहीत का?

रानवाट (पाषाण)

नाही दादा. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. स्वतः पकडणं, हलवणं, अंडी उचलणं हा थेट गुन्हा. आणि हलवून काय होणार, टेकडी तीच आहे, दुसरे येतील. गाड्यांना कव्हर घाला, विणीचा हंगाम पावसाळ्यापुरता असतो, तोवरच तो काचेतल्या मोराशी भांडतो.

परसबाग_सहकारनगर

ताई, बागेचं मी सांगते, आमचं घर तळजाईच्या उतारावर आहे आणि मोरांशी माझी जुनी ओळख.

मोर कोवळं ते सगळं खातो. मेथी, पालक, कोथिंबीर, मिरचीची रोपं, टोमॅटो, शेंगदाणा. ही पिकं उघड्यावर लावायचीच नाहीत. दोन-अडीच फूट उंच लोखंडी अँगलची किंवा बांबूची चौकट करायची आणि वर-बाजूला कोंबड्यांच्या खुराड्याची असते ती तारेची जाळी ठोकायची, वरचं झाकण उघडता येईल असं. नायलॉनची मऊ जाळी, जी द्राक्षबागेवर टाकतात किंवा क्रिकेटच्या नेटची असते, ती कृपा करून वापरू नका. त्यात धामण अडकते, जेवढी सुटायला धडपडते तेवढी जाळी अंगात रुतत जाते. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, तुमच्या सोसायटीला सगळ्यात जास्त उपयोगाचा साप तो, आणि आपल्याच जाळीत मरतो. मी एक कात्रीने कापून सोडवताना पाहिलीये, खवल्यांखाली दोरा गेलेला होता, आमच्या सर्पमित्राने सावकाश एकेक फेरा कापला.

उघड्यावर काय चालतं: हळद, आलं, अळू, गवती चहा, कढीपत्ता, कोरफड, तुळस. याला आमच्याकडे मोर तोंड लावत नाहीत. दोडका, घोसाळी, कारली मात्र रोप कंबरेएवढं होईपर्यंत जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायची, एकदा वेल मांडवावर चढला की खालून कितीही मोर फिरू दे. कढीपत्ता आणि लिंबू लावलात तर फुलपाखरं येतात, ब्लू मॉरमॉन म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, त्याच्या अळ्या लिंबाच्या पानावर वाढतात. थोडी पानं त्यांना खाऊ द्या, झाड मरत नाही.

भिंतीलगत करवंदाचं कुंपण करा. काटेरी, बारमाही हिरवं, पाणी फार मागत नाही, मे महिन्यात मुलांना आणि बुलबुलांना करवंदं. सोबत अडुळसा आणि निर्गुडी, दोन्हींना बकरी पण तोंड लावत नाही आणि अडुळशाच्या फुलांवर शिंजीर येतात. जागा असेल तर एखादा बहावा, मेडशिंगी, पांगारा, हे टेकडीचेच आहेत, मुरमात तग धरतात. आत्ता पहिला चांगला पाऊस झाला की लावायचे, खड्डे आजच करून ठेवा, कारण मुरूम पावसाआधी उन्हात तापलेला बरा.

आणि तुमच्या मागे टेकडीवर ग्लिरिसिडिया असणारच, फेब्रुवारी-मार्चला गुलाबी फुलतो तो. मध्य अमेरिकेतला झाड, आपल्या टेकड्यांवर वनीकरणात भरमसाट लावला गेला, उंदीरमारी पण म्हणतात त्याला. त्याच्याखाली आपलं गवत नीट येत नाही म्हणून मला तो आवडत नाही, पण पाल्यात नत्र भरपूर. तुमच्या भिंतीच्या आत गळलेला त्याचा पाला गोळा करून खतात घाला, मुरमाड मातीला दुसरं तिसरं काही लागत नाही. फक्त खताचा ढीग जमिनीवर भिंतीशी नको. घोणशीला अशीच उबदार जागा लागते. विटांवर उचललेला ड्रम किंवा तारेच्या जाळीचा पिंप घ्या आणि हलवताना लांब दांड्याचा पंजा वापरा, हात नाही.

कोथरूडकर_काका

बागेतलं मला कळत नाही, माणसांचं थोडं सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडला महात्मा सोसायटीत गवा आला होता, सगळ्यांना आठवत असेल. गर्दी जमली, लोक मागे धावले, व्हिडिओ काढले, तो बिचारा तासन् तास पळत राहिला आणि पकडल्यावर मेला. त्याच महिन्यात तुमच्याच बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. तेव्हा मात्र गर्दी लांब ठेवली, त्याला वाट मोकळी करून दिली आणि तो जंगलाकडे परत गेला. जनावर तसंच होतं, शहर तेच, पंधरवड्याचा फरक. फरक लोक कसे वागले एवढाच. सभेत हे दोन प्रसंग जरूर सांगा, लोक ऐकतात कारण डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

गवताबद्दल एक. जेसीबी आत्ता नकोच, पावसाळ्यात लांडोर झुडपाखाली जमिनीवर अंडी घालते, टिटवीची पण पिल्लं असतील. पण वणव्याची भीती घालणारे लोक चूक नाहीत. फेब्रुवारीपासून टेकडीचं गवत वाळून कोळ होतं आणि कोणीतरी बिडी टाकतं की संपलं. मार्ग असा, पावसाळ्यानंतर गवताचं बी पडून गेलं की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भिंतीलगत आतून दहा फुटांची पट्टी कापून घ्यायची, कापलेलं गवत उचलून न्यायचं, जाळायचं नाही. आमच्याकडे दरवर्षी आम्ही हे श्रमदानाने करतो, भिंतीबाहेरच्या जाळरेषेसाठी, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्टीसाठी, वनखात्याला पत्र देतो. जे लोक ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडतात त्यांनाच विळा द्यायचा, दोन तासांनी चहा घेताना सगळे बोलायला लागतात.

अनुपमा_बाणेर

आजी-आजोबांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. ग्रुपवर बोलू नका त्यांच्याशी, घरी जा. माझ्या सासूबाई पण पक्ष्यांना दाणे घालायच्या, त्यांच्यासाठी ते रोजचं व्रतच होतं, बंद करा म्हटलं तर देवपूजा बंद करा म्हटल्यासारखं वाटायचं. आम्ही त्यांना पाण्याचं काम दिलं. मातीची उथळ परात, मध्ये एक दगड म्हणजे लहान पक्षी आणि मधमाश्या बुडत नाहीत, रोज सकाळी घासून ताजं पाणी, उन्हाळ्यात दोनदा. पाण्याने उंदीर वाढत नाहीत आणि पक्षी दाण्यापेक्षा पाण्याला जास्त येतात, मेमध्ये तर राखी धनेश पण बघितलाय आम्ही समोरच्या उंबरावर. परात भिंतीपासून लांब, मोकळ्यावर ठेवा. त्यांचा मान राहतो आणि काम पण होतं. हवं तर त्यांना वही द्या, कुठले पक्षी आले ते लिहायला. सासूबाईंच्या वहीवरून आता नातू शाळेचा प्रकल्प करतोय.

आणि मोराला दाण्याची गरज नाही हे त्यांना समजावून सांगा. किडे, सरडे, गवताचं बी, कोवळी पानं, लहान साप, टेकडी त्याला सगळं देते. मोराची चिंचोली इथून फार लांब नाही, शिरूर तालुक्यात, तिथे माणसं आणि मोर पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतायत, चिंचेच्या झाडांवर. एकदा आजी-आजोबांना घेऊन जा तुम्ही, पावसाळ्यात जा, तिथल्या लोकांकडून ऐकलं की पटतं.

सूसरोड_निवासी

आमच्याकडे भटक्या कुत्र्यांना टेकडीच्या तोंडाशी उरलेलं अन्न टाकतात, ते पण याच यादीत घ्या. लांडोरीच्या पिल्लांमागे लागलेली कुत्री मी स्वतः पाहिली आहेत. आणि कव्हरचं करून बघतो, धन्यवाद.

टेकडीखालची (बावधन)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी मी आणि शेजारची वहिनी आजींकडे गेलो. सापाचं आधी काढलंच नाही, पाण्याचं बोललो. आजोबा म्हणाले परात मी आणतो, कुंभारवाड्यातली चांगली असते. दाणे बंद करायला ते तयार आहेत, फक्त ग्रुपवर ज्यांनी बोललं त्यांनी एकदा येऊन भेटावं असं आजींचं म्हणणं आहे, आणि ते मला बरोबर वाटतं. चेअरमन स्वतः येतो म्हणालेत.

सभेसाठी मी एका पानावर लिहून घेतलंय: दाणे आणि उघडा कचरा बंद, पंपरूमची फट आणि पाण्याच्या भोकांना जाळी, मागे दोन दिवे, जेसीबी नाही, नोव्हेंबरात गवत कापणी, आणि भाजीला तारेची चौकट, त्याचा खर्च आम्ही बागवाल्याच करणार. कुत्र्यांच्या अन्नाचा मुद्दा पण घातलाय, त्यावर वाद होणार आहे. मालीकाकांचे गमबूट मात्र सभेची वाट न बघता उद्याच आणतेय, त्यांना आठ नंबर लागतो.

रानवाट दादा, एक विचारायचं राहिलं. पार्किंगमध्ये उंदरांसाठी विषाच्या गोळ्या ठेवायचं एक जण म्हणतायत, ते चालेल का?

रानवाट (पाषाण)

अजिबात नको. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, अर्धमेला फिरतो, तो घुबड, मुंगूस, धामण खातात आणि तेच जातात, म्हणजे उंदीर कमी करणारेच संपतात. पिंजरे लावा, दाणे बंद झाल्यावर एक-दीड महिन्यात फरक दिसेल. सभेला लागलो तर मी येतो, रविवारी दुपारनंतर मोकळा आहे.