किल्ली माओवाद्यांकडे, मग 'अनमिन' कशाला? (एका प्रतिसादाला उत्तर)

उत्तरायण

काल नेपाळच्या धाग्यावर 'शून्य प्रहर' यांनी चार ओळींत निकाल लावून टाकला: "अनमिन म्हणजे शांतिसैनिकांची पांढऱ्या गाड्यांतली सहल. चार वर्षं बसून बंदुका मोजल्या, त्यासुद्धा चुकीच्या. कंटेनरची किल्लीही माओवाद्यांकडेच." (अनमिन म्हणजे राष्ट्रसंघाची नेपाळमधली मोहीम. सरकार आणि माओवाद्यांची लढाई थांबल्यावर छावण्यांत बसवलेल्या माओवादी लढवय्यांवर आणि कंटेनरमध्ये ठेवलेल्या हत्यारांवर नजर ठेवणं हे तिचं काम.) तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आधी किल्ली. ती कुणाच्या गलथानपणामुळे माओवाद्यांकडे राहिलेली नाही. डिसेंबर 2006च्या शस्त्र व्यवस्थापन करारातच तसं लिहिलंय. दहा वर्षं लढून एकही बाजू हरली नव्हती. त्यामुळे 'निःशस्त्रीकरण' हा शब्द माओवाद्यांना चालणारच नव्हता, आणि तो टाळून 'व्यवस्थापन' हा शब्द आला. कंटेनरला कुलूप एकच, किल्ली त्या त्या बाजूच्या नेमलेल्या माणसाकडे. पण आत फळ्यांवर प्रत्येक हत्यार नोंदीप्रमाणे लावलेलं, दाराला राष्ट्रसंघाचं भोंग्याचं यंत्र, बाहेर प्रकाशझोत आणि निरीक्षकांची चोवीस तास नजर. उघडायची सोय त्यांच्याकडे होती, गुपचूप उघडायची नव्हती.

आता आकडे. माओवाद्यांची नोंदलेली हत्यारं 3,475. त्यातली 2,855 कंटेनरमध्ये, 524 छावण्यांच्या पहाऱ्याला, 96 नेत्यांच्या संरक्षणाला. पहाऱ्याची मर्यादा मुख्य छावणीला 30 आणि उपछावणीला 15. मुख्य 7, उप 21. गुणून बघा, 525 येतात. आणि कंटेनरात जितकी गेली तितकीच, म्हणजे 2,855, नेपाळी सेनेनेही काठमांडूच्या छाउनी बराकीत ठेवली. हे सगळं सांभाळायला जास्तीत जास्त 186 निरीक्षक, तेही निःशस्त्र. यापेक्षा स्वस्तातली सहल दाखवा.

शून्य प्रहर

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि वर भोंग्याचं कौतुक! भोंगा वाजला असता तर 186 निःशस्त्र लोकांनी काय केलं असतं, पत्र लिहिलं असतं?

तरी हत्यारांचं सोडून देतो. माणसांचं बोला. 3,475 हत्यारं आणि 'पडताळलेले' लढवय्ये 19,602. साडेपाच जणांमागे एक बंदूक! मे 2009मध्ये बाहेर आलेल्या शक्तिखोर छावणीतल्या चित्रफितीत माओवाद्यांचे नेते प्रचंड स्वतः आपल्या लोकांना सांगतायत की खरे सात-आठ हजारच होतो, सांगितले पस्तीस हजार. त्या फुगलेल्या यादीवर शिक्का कोणाचा? अनमिनचा.

खडूस वाचक

दोघांनाही एक दुरुस्ती. अनमिन ही शांतिसेना नव्हतीच. 23 जानेवारी 2007च्या ठराव 1740 ने स्थापन झालेली विशेष राजकीय मोहीम होती. ना तुकडी, ना बळ वापरायचा अधिकार. तिला शांतिसेनेची फूटपट्टी लावून हाणायचं आणि त्याच फूटपट्टीने तिचा बचाव करायचा, दोन्ही हास्यास्पद. खरी शांतिसेना बघायची तर लायबेरिया घ्या, 15,000 सैनिकांची मंजुरी होती.

उत्तरायण

खडूसराव, फरक माहीत आहे. मूळ प्रतिसादात 'शांतिसैनिक' म्हटलं होतं, म्हणून त्याच मापाने उत्तर दिलं.

शून्य प्रहर, शिक्का कशावर होता ते बघा. "तू लढलास का?" हा प्रश्न पडताळणीत नव्हताच. निकष दोन तारखांचे: जन्म 25 मे 1988च्या आधीचा आणि भरती 25 मे 2006च्या आधीची. पहिल्या फेरीत नोंदले गेले 32,250. दुसऱ्या फेरीला 8,640 फिरकलेच नाहीत. उरलेल्यांतून 4,008 बाद: 2,973 अल्पवयीन, 1,035 उशिरा भरती झालेले. म्हणजे बारा हजारांहून जास्त नावं गळली. शिक्काच मारायचा असता तर 32 हजारांवरच मारला नसता का?

पण जन्माचा दाखला नसलेल्या माणसाला समोर बसवून वय विचारायचं आणि त्याला कमांडरने उत्तर पाठ करून दिलेलं असायचं, तिथे मुलाखतीची धार बोथट होते. हे मान्य.

तळटीप

साडेपाच जणांमागे एक हा पुरावा असेल तर तो सगळीकडे लावा की. खडूसरावांची 'खरी' शांतिसेना घ्या. लायबेरियात यादवी संपल्यावर एक हत्यार किंवा 150 काडतुसं आणा आणि पैसे मिळणाऱ्या लढवय्यांच्या यादीत या, असा नियम. काडतुसांची पेटी फोडून वाटायला किती वेळ लागतो? कमांडरांनी ओळखीच्यांना वाटली. शेवटी यादीत एक लाखाहून जास्त माणसं आणि हत्यारं 28,000च्या आसपास.

उलट टोक सिएरा लिओनचं. तिथे रायफल आणायची, शिवाय ती खोलून पुन्हा जोडून दाखवायची. चोख परीक्षा वाटते ना? स्वयंपाक, हमाली, निरोप पोचवणं, यासाठी पळवून नेलेल्या मुली त्यात सरळ बाहेर पडल्या, कारण बंदूक त्यांच्या नावावर कधी नव्हतीच. अट कडक केली की बायका बाहेर, सैल केली की भाचे-पुतणे आत. मधला आकडा कुणाला सापडला असेल तर इथे लिहा.

शून्य प्रहर

सापडलाय. कोलंबिया, 2017. फार्क या बंडखोर संघटनेची सुमारे 7,000 माणसं, 8,994 हत्यारं. कंटेनर राष्ट्रसंघाच्या ताब्यात, तीन टप्प्यांत जमा, नंतर वितळवून स्मारकं. ना भोंगा, ना किल्लीचं नाटक. तिथेही निरीक्षक निःशस्त्रच होते बरं का.

उत्तरायण

तुलना तरी कशाची करताय! फार्क बंदूक सोडून राजकीय पक्ष व्हायला निघाली होती, सरकारी सैन्यात कुणाला घेण्याचा प्रश्नच नव्हता. नेपाळमध्ये सगळी भांडणं सैन्यात किती जणांना घ्यायचं यावर. ज्याला त्या टेबलावर बसायचंय तो आपली हत्यारं आधीच वितळवून देईल?

खडूस वाचक

धागा नेपाळचा, काथ्याकूट तीन खंडांचा. चालू द्या.

पण तळटीपताई, काडतुसांच्या अटीवर सगळं खापर फोडू नका. लायबेरियात घोळ त्याआधीच झाला होता. 7 डिसेंबर 2003ला शेफेलिन छावणीत हत्यारं जमा करायचं काम सुरू केलं तेव्हा मंजूर सैन्यातलं बरंचसं यायचंच होतं. सोय हजारेक जणांची, आले कित्येक हजार. आधी हत्यार, मग ओळखपत्र, मग छावणीत मुक्काम, पैसे शेवटी, हा क्रम त्यांना कुणी नीट सांगितलाच नव्हता. हत्यार दिलं की 300 डॉलर हातात, अशी समजूत. पैसे दिसेनात तेव्हा राजधानी मन्रोव्हियात गोळीबार, माणसं मेली, काम गुंडाळलं आणि एप्रिल 2004मध्ये नव्याने मांडलं. सैन्य आधी, जाहिरात नंतर, एवढा साधा क्रम चुकला.

तळटीप

यात मी म्हटलेलं काय खोडलंत? अट एप्रिलनंतरही तीच राहिली आणि यादी फुगली ती तेव्हाच. क्रमाचं मात्र पटलं. नाइलाजाने.

शून्य प्रहर

वा, म्हणजे सगळीकडेच फुगते म्हणून नेपाळला माफी! यादी फुगल्याचं बिल कोणी भरलं? 19,602तले सैन्यात गेले 1,422. बाकीच्यांना हुद्द्यानुसार 5 ते 8 लाख नेपाळी रुपये. करा गुणाकार. आणि हे कधी झालं? अनमिन 15 जानेवारी 2011ला निघून गेल्यावर. एप्रिल 2012मध्ये छावण्या सेनेच्या ताब्यात गेल्या, तेव्हा एकही पांढरी गाडी नव्हती.

उत्तरायण

गुणाकार चुकेल. शेवटी सगळे हजरच नव्हते, रोख रक्कम घेऊन गेले सुमारे 15,600. आणि गाड्या गेल्या, पण नेपाळच्या विशेष समितीने हातात घेतली ती यादी तीच, कंटेनर तेच, नोंदवह्या त्याच. नाहीतर 2011मध्ये पुन्हा एकापासून मोजायला बसले असते, तेही एकमेकांवर बंदुका रोखून.

शून्य प्रहर

बरं. कंटेनरचं तुमचं. 2,855 ठेवली, 2,855 राहिली, घ्या टाळ्या. माणसांचं माझं.

तळटीप

माणसांचंच निघालंय तर त्या 4,008 जणांचं कोणीच काढलं नाही. जानेवारी-फेब्रुवारी 2010मध्ये त्यांना छावण्यांतून सोडलं. मिळालं काय? शाळा, धंदेशिक्षण, छोटा उद्योग किंवा आरोग्यसेवेचं प्रशिक्षण, यातलं एक. ती लाखांची रोख रक्कम नाही. ज्या पोरीने मुलाखतीत वय खरं सांगितलं तिला शिवणकामाचा वर्ग, आणि शेजारच्या खाटेवरच्या जिने दोन वर्षं वाढवून सांगितली तिला 5 लाख.