सेन्सर लाईट खोलून मॉडिफाय करावा का?

पाथर्डीफाटा_रोहाऊस
नमस्कार मंडळी, पाथर्डी फाट्याला आमचं रो हाऊस आहे, गेटवर २० वॅटचा सेन्सरवाला फ्लडलाईट लावलाय. रस्त्यावरून बाईक गेली तरी पेटतो आणि आई पहाटे कुलूप काढत उभी असते तेव्हा नेमका विझतो, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे अंधारात पायरी चुकेल ही खरंच धास्ती आहे. टायमिंगचा नॉबच नाहीये. वायरमन म्हणतो आतला रेझिस्टर बदलून वेळ वाढवून देतो, ५०० रुपये. नवीन हजाराच्या आत येतो. करून घेऊ का?

सातपूरकर
वायरमन चुकीचं नाही सांगत, अशा बोर्डावर किती वेळ पेटायचं ते रेझिस्टर-कपॅसिटरवरच ठरतं. पण मी नाही करणार. स्वस्त लाईटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, मेन्सचाच करंट कपॅसिटरने कमी केलेला असतो, म्हणजे चालू असताना सेन्सरच्या बोर्डला हात लागला तरी जोरात शॉक बसू शकतो. आणि रबर सील एकदा उचकटलं की परत तसं बसत नाही, आपल्याकडच्या पावसात पाणी आत गेलंच समज.
बाईकचं सोपंय, लेन्सच्या रस्त्याकडच्या भागावर काळी इन्सुलेशन टेप लाव, तेवढा भाग त्याला दिसणारच नाही. आई उभी असताना विझतो कारण हा सेन्सर उष्णतेतला बदल पकडतो, माणूस स्थिर झाला की त्याच्या लेखी कोणीच नाही.

मखमलाबाद_मळा
आईसाठी असेल तर सेन्सर हवाच कशाला? हिशोब कर, २० वॅट रात्रभर १२ तास म्हणजे ०.२४ युनिट, महिन्याला ७.२, दहा रुपये युनिट धरला तरी ७२ रुपये. ९ वॅटचा साधा एलईडी लावलास तर निम्म्याहून कमी. आमच्याकडे मळ्याला लागून घर, बिबट्याची भीती, आम्ही रात्रभर चालूच ठेवतो.

पाथर्डीफाटा_रोहाऊस
हे पटलं. पण समोरच्यांच्या बेडरूममध्ये उजेड जातो, त्यांचं बाळ लहान आहे. आणि एप्रिलमध्ये तर हा अगदी जवळ गेल्याशिवाय पेटतच नव्हता, बिघडला असेल का?

सातपूरकर
बिघडला नाही. उन्हाळ्यात भिंत, फरशी सगळंच अंगाइतकं तापतं, फरक उरत नाही मग ओळखणार कसा. सरळ समोरून चालत आलं तरी उशिरा पकडतो, आडवं गेलं की लगेच, म्हणून शक्य असेल तर बाजूच्या भिंतीवर घे.
फ्लडलाईट तसाच राहू दे, टेप लाव. कुलपापाशी खाली तोंड करून ९ वॅटचा बल्ब, त्याला वेगळा स्विच आणि तो आत दाराशेजारी, आई बाहेर पडायच्या आधीच लावेल. वायरमनला ते ५०० याचे दे.

पाथर्डीफाटा_रोहाऊस
स्विच जिन्याखाली घेतो, आईच्या हाताला येईल असा. टेप आज संध्याकाळीच लावतो.