मरोळच्या मशीन शॉपमध्ये क्वालिटी तपासणीसाठी टॅब कोणता घ्यावा?

मरोळ_क्यूए

नमस्कार मंडळी. मरोळ एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, व्हॉल्व्हचे भाग आणि बुश बनवतो. क्वालिटी मी बघते. पहिल्या नगाची (फर्स्ट पीस), दर तासाला मशीनवर फिरून करायची (पेट्रोल) आणि शेवटची (फायनल), सगळी तपासणी अजून कागदावर चालते. कूलंट लागून आकडे पुसट झालेले रिपोर्ट शिफ्ट संपली की सुपरवायझर एक्सेलमध्ये भरतात. सकाळी बोअर (भोकाचा आतला व्यास) वरच्या लिमिटकडे सरकायला लागला, तर मला ते संध्याकाळी समजतं. तोवर जॉब (बनवत असलेले भाग) पुढच्या ऑपरेशनला गेलेले असतात.

मालक टॅब घ्यायला तयार झालेत, पण साधे घरगुती टॅब आणि वर जाड कव्हर असा त्यांचा विचार आहे. आठ इंची घ्यावा की दहा? रग्ड, म्हणजे मार सोसणारा मजबूत टॅब, खरंच लागतो का? पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय मधूनच जातं, त्याला काय करायचं? आमचे दोन जुने इन्स्पेक्टर आहेत, मायक्रोमीटरवर त्यांच्यासारखा हात माझ्या पाहण्यात दुसरा नाही. त्यांना हे ओझं वाटता कामा नये.

भांडुप_टूलरूम

ताई, मॉडेल सगळ्यात शेवटी ठरवा. आधी त्या इन्स्पेक्टरांच्या मागे एक अख्खी शिफ्ट फिरा आणि त्यांचे हात बघा. एका हातात जॉब, दुसऱ्यात मायक्रोमीटर, मग टॅब धरायचा कुठे? आमच्याकडे सगळा निर्णय याच प्रश्नावर फिरला. फायनलच्या टेबलावर दहा इंची, आर्मवर पक्का बसवलेला. तिथे ड्रॉइंग उघडावं लागतं, आणि ए३ ड्रॉइंगमधला टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आठ इंचावर वाचायचा तर सतत झूम करत बसावं लागतं. पेट्रोलला मात्र आठ इंची, मागे हाताचा पट्टा असलेला. एकच साइज सगळीकडे लावू नका.

रग्डबद्दल. घरगुती टॅब पडून फुटेल ही भीती सगळ्यांना असते. मला जास्त काळजी चार्जिंग पोर्टची वाटते. कूलंटचा तुषार आणि बारीक चिप्स (धातूचा कीस) तिथेच जाऊन बसतात. आयपी हे धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग. आयपी६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो, ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण या चाचण्या साध्या पाण्याच्या असतात. तेल किंवा सॉल्व्हंट यांबद्दल त्या काही सांगत नाहीत, म्हणून तुमचं कूलंट आणि पुसायचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) चालेल का, हे वेंडरकडून लेखी घ्या. सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह५ सारख्या मॉडेलला आयपी६८ आहे, बॅटरी काढता येते आणि बाजूला पोगो पिन आहेत, म्हणजे केबल न खुपसता डॉकवर ठेवून चार्ज होतो. बॅटरी काढता येणं मला फार मोलाचं वाटतं. दिवसभर चार्जवर आणि गरम शेडमध्ये राहून सगळ्यात आधी तीच थकते. चुंबक असलेलं कव्हर अजिबात घेऊ नका, लोखंडी चिप्स चिकटतात आणि काचेवर ओरखडे पाडतात.

ओल्या काचेवर बोटाचा टच भरकटतो, कूलंटचा थेंबसुद्धा बोट समजला जातो. तिथे पेन असलेला टॅब बरा. हातमोज्यांचं म्हणाल तर जॉब पकडणाऱ्या फिरत्या चकजवळ ते घालायचेच नसतात. डिबरिंग (कडांचे बारीक काटे काढणं) आणि पॅकिंगला पातळ नायट्राइलचे असतील तर बहुतेक टॅब ओळखतात, जाड सुती मोजे ओळखत नाहीत.

आता जुन्या इन्स्पेक्टरांचं. त्यांना आकडा टाइप करायला लावू नका. तुमच्या डिजिटल मायक्रोमीटरला डेटा पोर्ट आहे का बघा. असेल तर केबल किंवा ब्लूटूथ ट्रान्समीटर लावता येतो. तो कीबोर्डसारखा चालणारा घेतलात तर बटण दाबलं की रीडिंग थेट रकान्यात उतरतं आणि कर्सर पुढच्या रकान्यावर जातो. २४.९८७ चा २४.९७८ होत नाही. प्लग गेजला (भोकात घालून बसतो की नाही ते बघायचं साधन) फक्त गो आणि नो-गो अशी दोन मोठी बटणं ठेवा. आणि फॉर्म मराठीत करा.

कुर्ला_पेंटशॉप

एक गोष्ट राहिली. तुमच्याकडे पेंट बूथ किंवा थिनरने धुण्याची जागा असेल तर यातला कुठलाच टॅब तिथे नेऊ नका. आयपी रेटिंग पाणी आणि धुळीचं असतं, ज्वलनशील वाफेशी त्याचा काही संबंध नाही. त्या झोनसाठी प्रमाणित असलेलाच टॅब लागतो आणि तो बराच महाग पडतो. आम्ही बूथच्या आत कागदच ठेवलाय, नोंद बाहेरच्या टेबलावर येऊन करतो.

मरोळ_क्यूए

दोघांचेही आभार. पेंट आमच्याकडे नाही, पण वॉशिंगला सॉल्व्हंट आहे, तिथलं आधी सेफ्टीवाल्यांना विचारते. वायफायचं काय करू? आणि कस्टमर ऑडिटला सहीचा कागद नाही म्हणून अडलं तर?

भांडुप_टूलरूम

वायफायसाठी टॅब बदलून उपयोग नाही. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल ५ पेक्षा लांब जातो, पण मशीनच्या रांगांमागे तोही पडतो. ॲक्सेस पॉइंट वाढवा, आणि ॲप ऑफलाइन चालणारंच घ्या. नेट नसताना घेतलेल्या रीडिंगवर माप घेतल्याची वेळ पडते की सिंक झाल्याची, हे डेमोत स्वतः तपासा. सिंकची वेळ पडत असेल तर तुमची दर तासाची तपासणी ऑडिटरला एकाच मिनिटात उरकलेली दिसेल.

कागदाचं ओझं मनावरून काढा. आयएसओ ९००१:२०१५ कागद मागत नाही. त्याच्या कलम ७.५ मध्ये नोंद कुठल्याही माध्यमात चालते, फक्त ती सुरक्षित आणि नकळत न बदलणारी हवी. कलम ८.६ मध्ये माल सोडायला कोणी मंजुरी दिली ते कळायला हवं. म्हणून सगळ्यांचा मिळून एक लॉगिन कधीही नको, प्रत्येकाचा वेगळा पिन ठेवा. दुरुस्ती केली तर जुना आकडा, नाव आणि कारण मागे राहिलं पाहिजे. उपकरणाचा नंबर स्कॅन करून घ्या, कॅलिब्रेशनची (उपकरण अचूक आहे का ते तपासून घेण्याची) तारीख उलटलेली असेल तर ॲपने रीडिंग घेऊच नये. कस्टमरची वेगळी अट असेल तर ती मात्र आधी विचारून ठेवा.

आणि एक गोष्ट वेंडरला ठणकावून सांगा: कुठल्याही रकान्यात आधीपासून 'ओके' भरलेलं नको. ते लोकांना फार सोयीचं वाटतं, आणि तिथून न मोजता पुढे जाणं सुरू होतं. लिमिटबाहेरचा आकडा लाल व्हावा आणि त्याच क्षणी तुमच्या फोनवर यावा. तुमचा बोअर संध्याकाळपर्यंत लपून राहतो ना, त्यासाठीच हा सगळा खर्च करायचा.

मरोळ_क्यूए

कळलं. एक आठ इंची आणि एक दहा इंची डेमोला मागवते, एकाच सेलवर (मशीनच्या एका गटावर) लावते, आणि दोघा जुन्या इन्स्पेक्टरांच्याच हातात देते. ते हो म्हणाले तरच बाकीची ऑर्डर. ट्रान्समीटरसाठी आमच्या मायक्रोमीटरचे मॉडेल नंबर उद्या इथे टाकते, दादा, जरा बघाल का?