नाट्यसंस्थेच्या कामकाजातच दिव्यांगांची समानता कशी आणावी?

फोंडा_रंगमंच (प्रश्न)
नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातली आमची नोंदणीकृत नाट्यसंस्था देवळांच्या उत्सवांत नाटके करते, कला अकादमीच्या स्पर्धेतही उतरते. यंदा व्हीलचेअर वापरणारी एक अभिनेत्री आणि एक अंध संवादिनीवादक संस्थेत आले आहेत. दर प्रयोगाला नव्याने धावपळ नको आहे. कार्यकारिणीत मात्र ‘रॅम्प घातला की झालं’ असा सूर आहे. सुरुवात कुठून करावी?

नेपथ्य_मडगाव
आधी त्या रॅम्पचाच हिशोब कार्यकारिणीपुढे मांडा. उतार १:१२ हवा. देवळापुढचा मंच ३ फूट उंच असेल तर रॅम्प ३६ फूट लांब होतो, शिवाय मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा. मंडपात तेवढी जागा नसते, मग ९ फुटांची फळी टाकली जाते. तो उतार १:३ झाला. चढताना खुर्ची मागे कलंडते. चौघांनी उचलून चढवणे हाही उपाय नव्हे, कारण नटीची एंट्री आणि एक्झिट दोन्ही दुसऱ्याच्या हातात जातात.

त्यापेक्षा मंचच १ फुटाचा बांधा. १२ फुटांत काम भागते. मागच्यांना दिसावे म्हणून पुढच्या रांगा सतरंजीवर बसवा. रॅम्पची रुंदी १.२ मीटर, दोन्ही कडांना उभी पट्टी, नाहीतर पुढचे छोटे चाक घसरते. उत्सवी नाटक रात्री उशिरापर्यंत चालते, दवाने प्लाय निसरडा होतो. वर खरखरीत पट्ट्या चिकटवाच. विंगेत वळायला दीड मीटर मोकळे ठेवा, रंगपटाचे दार ९० सेंमी हवे. प्रेक्षागृहाला रॅम्प आणि रंगपटाला पायऱ्या, हे फार ठिकाणी दिसते. दिव्यांग माणूस प्रेक्षकच असणार असे गृहीत धरलेले असते, मला सर्वांत खुपते ते हेच.

संहिता_वाचक
संवादिनीवादकासाठी संहिता युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरे असतात. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर मग निरर्थक काहीतरी वाचतो. स्कॅन केलेली पीडीएफ तर नुसते चित्र. संगीताचा क्यू, म्हणजे वाजवायला सुरुवात करायचा इशारा, दिव्यावर ठेवू नका, संवादातल्या शेवटच्या शब्दावर ठेवा; शब्दच नसेल तिथे शेजारच्या तबलजीने गुडघ्याला स्पर्श करायचा, आणि हे तालमीत पक्के करायचे. बसायची जागा, वायरी आणि मंचाची कडा प्रयोगाआधी हाताने व पावलांनी तपासू द्या. त्यानंतर काही हलवले तर सांगितल्याशिवाय पडदा उघडू नये.

फोंडा_रंगमंच
देव बरें करूं. आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठी? शिवाय नियमावलीत नेमके काय घालावे?

घटना_आणि_हिशेब
भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषी दोन लागतात. साधारण २० मिनिटांनी आलटून पालटून, कारण थकल्यावर अर्थ गळतो. संहिता दोन आठवडे आधी द्या. अंधार-प्रवेशातही त्यांच्यावरचा दिवा जळता राहिला पाहिजे; ही सूचना प्रकाशयोजनेच्या कागदावर लिहिलेली नसेल तर ऑपरेटर तो हमखास विझवतो. कर्णबधिरांच्या जागा दुभाषी असतील त्याच बाजूला पुढे राखा.

नियमावलीचे म्हणाल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या खासगी आस्थापनेच्या व्याख्येत सोसायट्या आणि न्यासही येतात. कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण लागते. पगारी माणसे २० पेक्षा कमी असली तरी त्यात सोयी लिहाव्या लागतात. ते आमसभेत मंजूर करून घ्या. अंदाजपत्रकात सुलभतेचे स्वतंत्र शीर्षक ठेवा, नेपथ्याच्या आधी. उरलेल्या पैशांतून करायचे म्हटले की दरवर्षी काहीच उरत नाही. कार्यकारिणीत दिव्यांग सभासदाला मताधिकारासह जागा द्या, ‘सल्लागार’ म्हणून नव्हे, आणि बैठक पहिल्या मजल्यावर घेऊ नका. निवडचाचणीच्या अर्जात आजार विचारू नका. ‘तालमीसाठी तुम्हाला काय लागेल?’ हा एक प्रश्न सर्वांनाच विचारा. मानधन भूमिकेप्रमाणे, इतरांइतकेच. नाटक निवडताना वाचनसमितीने दिव्यांग पात्र निव्वळ दया किंवा शाप दाखवायला आणलेले आहे का, हे तपासून इतिवृत्तात नोंदवावे.