मेमरी कार्डवाल्याने मित्राचं गाणं ढापलं, नुकसान नक्की कुणाचं झालं?

दादर_स्लो

मंडळी, धागा काढायचा की नाही असा दोन दिवस विचार करत होतो, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून काढतोच.

माझा एक मित्र बँकेत आहे, पेटी बरी वाजवतो, चालीही लावतो. यंदा त्याने गणपतीचं एक गाणं केलं, स्वतःच्या खिशातले साठेक हजार घालून. अंधेरीला स्टुडिओ घेतला, ढोलकी आणि ताशा खरी माणसं बोलावून वाजवून घेतले, कोरसला आम्ही चौघं होतो (मानधन: वडापाव). यूट्यूबवर टाकलं, डिस्ट्रिब्युटरमार्फत (ॲप्सवर गाणी पोचवणारी कंपनी) स्पॉटिफाय बिटिफायवर पण गेलं. चतुर्थीपर्यंत व्ह्यूज हजाराच्या आत आणि त्यातले निम्मे त्याच्या सासरचे.

विसर्जनाच्या दोन दिवस आधी आम्ही दादर वेस्टला फुलं घ्यायला गेलो तर तिथल्या एका मोबाईल रिपेअरच्या टपरीवर स्पीकरवर चक्क हेच गाणं! तो टपरीवाला मेमरी कार्ड, पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देतो, 'गणपती स्पेशल ५०० गाणी', ८० रुपये. त्याच्या लिस्टमध्ये आपल्या गाण्याचं नाव 'गणपती न्यू डीजे २'. ना गायकाचं नाव ना संगीतकाराचं. माझी तर सटकलीच, मी भांडायच्या तयारीत, आणि आमचे हे साहेब येड्यासारखे हसत उभे. "अरे वाजतंय की!" वर त्याने ८० रुपये देऊन तो पेनड्राइव्ह विकत घेतला. स्वतःचं गाणं. चोराकडून.

तर प्रश्न असा की पायरसीमुळे गाणारा-वाजवणाऱ्याचं खरंच नुकसान होतं का, की ते फक्त कंपन्यांचं रडगाणं आहे? कारण माझा मित्र म्हणतो त्याचं काहीच गेलं नाही आणि मला ते पटतही नाही आणि खोडताही येत नाही.

कट्टर_आकडेमोड

जगाचे आकडे आधी टाकतो. नॅपस्टर, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून गाणी फुकट उतरवायचं सॉफ्टवेअर, आलं १९९९ मध्ये, कोर्टाच्या दणक्याने २००१ मध्ये बंद पडलं, पण तोवर पोरांना फुकटची सवय लागली होती. रेकॉर्डेड म्युझिकचा जगभरचा धंदा १९९९ ला साधारण २२ अब्ज डॉलर होता, तो घसरत घसरत २०१४ च्या आसपास तळाला गेला. मग स्ट्रीमिंगने वर काढला आणि २०२३ ला २८.६ अब्ज झाला. महागाई धरली तर आजही १९९९ च्या मागेच आहे बरं का, हे कंपन्या सांगतात तेव्हा कुणी ऐकत नाही आणि वाढ झाली की सगळे ओरडतात.

आता घसरण सगळी पायरसीची का, तर इथे प्रोफेसर लोकांत जुंपलेली आहे. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या जोडीचा २००७ चा पेपर म्हणतो की डाऊनलोडचा विक्रीवर परिणाम जवळजवळ शून्य. लीबोविट्झ नावाचे दुसरे प्रोफेसर त्यांच्या मागे हात धुवून लागले, त्यांच्या मते घसरणीचं मोठं कारण फाइल शेअरिंगच. बाकीच्या बऱ्याचशा अभ्यासांत काही ना काही नुकसान दिसतंच. मला स्वतःला वाटतं की लोक एक गोष्ट विसरतात, पूर्वी एका गाण्यासाठी बारा गाण्यांची सीडी गळ्यात मारायचे, २००३ ला आयट्यून्सने एकेक गाणं ९९ सेंटला विकायला काढलं आणि उरलेल्या अकरा गाण्यांचे पैसे गेले. ती चोरी नव्हती, पण खड्डा मोठा पडला.

तुमच्या मित्राच्या केसमध्ये ८० रुपयेवाला गिऱ्हाईक हे गाणं विकत घेणार होता का? नाही. यूट्यूबवर फुकटच होतं. म्हणजे बुडालेली विक्री शून्य. मित्र बरोबर, तुम्ही चूक. हलके घ्या.

अर्धा_कटिंग

गणपती न्यू डीजे २ 😂😂
मग १ कुठाय?

लालबागचा_लंबू

आकडेमोडसाहेब, डॉलरचं मला कळत नाही, पण तुमचं 'बुडालेली विक्री शून्य' वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, मोठं होईल, माफी.

माझे वडील कॅसेट काढायचे. मोठी कंपनी वगैरे नाही हो, लालबागला चाळीत दहा बाय बाराची खोली, तिथेच माल यायचा, तिथेच इनले कार्ड घडी करून डबीत घालायचं काम आम्ही भावंडं करायचो, शेकड्याला काहीतरी मिळायचं, त्यात बर्फाचा गोळा. कोळीगीतं, भीमगीतं, एखादी भारुडाची. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली म्हणून तर असले आमच्यासारखे धंदे उभे राहिले, त्याआधी रेकॉर्ड काढायची तर एचएमव्हीचाच उंबरा झिजवायला लागायचा आणि कोळीवाड्यातल्या माणसाला तिथे कोण विचारणार.

साधारण १९९२-९३ ची गोष्ट. आमची एक कोळीगीतांची कॅसेट चालली, म्हणजे तुफान चालली, उरण, अलिबाग, वसई, सगळीकडे हळदीला तीच. वडिलांनी उधारीवर माल वाढवला. आणि एक दिवस एक बाई तणतणत चाळीत आल्या, भाऊच्या धक्क्याहून मासळीची टोपली घेऊन थेट, की तुमची कॅसेट अर्धवट आहे, पैसे परत द्या. वडिलांनी टेपला लावून बघितली तर खरंच, बी साइडचं शेवटचं गाणं दुसऱ्या अंतऱ्यात मधेच बंद. आमच्या मालात असं कधी झालं नव्हतं. मग डबी उलटीपालटी करून बघितली. कव्हर आमचंच, पण फोटोतल्या होडीचा निळा रंग जांभळा झालेला. डुप्लिकेट! चोराने पैसे वाचवायला टेप कमी लांबीची वापरली होती, गाणं मावलं नाही तर तोडलं, सोपं काम. पण इनले हुबेहूब आमचं छापल्यामुळे त्यावर पत्ताही आमचाच. त्यानंतर महिनाभर लोक तक्रार घेऊन आमच्याकडेच येत होते. आई चहा देऊन देऊन कंटाळली. वडिलांनी काहीजणांना आपली खरी कॅसेट बदलून दिली, स्वतःच्या खिशातून, कारण नाव खराब होतंय ना.

आमची २२ रुपयांना, ती १२ ला. त्याला ना स्टुडिओचं भाडं, ना वादकांची पाकिटं, ना कोणती कॅसेट पडेल याची धास्ती, जी चालली तेवढीच तो उचलणार. पडलेल्या दहाचा खर्च आम्ही चाललेल्या एकीतून काढायचो, आणि तो नेमकी तीच एक पळवायचा. हे 'एका गिऱ्हाइकाने विकत घेतली असती की नसती' या हिशोबात येत नाही साहेब. पुढच्या दिवाळीत दुकानदारांनी आमचा न खपलेला माल पोत्याने परत पाठवला. वडिलांनी पोलिसात तक्रार केली, एक धाड पडली, दोन पोती जप्त झाली, पुढच्या आठवड्यात तोच माल दुसऱ्या फूटपाथवर. १९९६ ला धंदा बंद, मग ते एका ट्रान्सपोर्टमध्ये क्लार्क म्हणून लागले.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर खोटं होईल. त्या कॅसेटचा गायक वर्सोव्याचा, त्याला आम्ही एकरकमी पाच हजार दिले होते. डुप्लिकेट गावोगाव गेल्यावर त्याला हळदीच्या, पालखीच्या सुपाऱ्या एवढ्या यायला लागल्या की त्याने टेम्पो घेतला. वडील त्याला म्हणाले चल माझ्याबरोबर पोलिसात, तर तो नुसता पायाकडे बघत राहिला.

आणि अजून एक. गाणी लिहिली होती एका गोदी कामगाराने. इनलेवर त्याचं नाव नव्हतं. वडिलांनी तिथे 'पारंपरिक' छापलं होतं, म्हणजे पुढे रॉयल्टीची कटकट नको. ते चोराने पण तसंच छापलं.

काळी_पाच

लंबूशेठ, शेवटच्या दोन ओळींसाठी साष्टांग दंडवत. एवढं खरं कोणी लिहीत नाही.

मी कीबोर्ड वाजवतो, वीसेक वर्षं झाली, ऑर्केस्ट्रा, मग सिरियलची टायटल्स, जाहिराती, थोडी पिक्चरची कामं. आमचा हिशोब एकदम साधा आहे, शिफ्ट संपली, सही केली, पाकीट घेतलं, घरी. (पाकीट कधी कधी सहा महिन्यांनी.) गाणं पुढे दहा लोकांनी ऐकलं की दहा कोटींनी, विकत की चोरून, मला फरक शून्य. एकदा कॉन्ट्रॅक्ट वाचायला घेतलं, त्यात लिहिलं होतं सर्व हक्क, सर्व जगात, कायमचे, आज असलेल्या आणि पुढे शोध लागतील त्या सर्व माध्यमांत. म्हणजे मंगळावर वाजलं तरी मला काही नाही. तेव्हा पायरसीने माझं नुकसान होतं असं कोणी म्हणालं की मला हसू येतं, चोरायला माझं काही शिल्लक तर हवं.

पण लंबूच्या वडिलांसारखे लोक बुडाले की आमच्या शिफ्ट कमी होतात, हे पण तितकंच खरं. लाइव्ह ढोलकी, सनई, व्हायोलिन घ्यायचं सोडून एका कीबोर्डवर सगळं उरकायला लागले त्याचं एक कारण बजेट. मला त्याचा फायदाच झाला म्हणा, ढोलकीवाल्याचं काम मी बोटाने करतो. लाज वाटते कधी कधी.

धागाकर्त्याच्या मित्रासाठी कामाचं: २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तरांनी राज्यसभेत लावून धरलं होतं, त्यानंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क सहीने सुद्धा सोडता येत नाही. हे पैसे गोळा करते आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था. मित्राने चाल स्वतः लावलीय ना, मग मेंबर व्हायला सांगा, गाणं रजिस्टर करा. यूट्यूबवर कोणी उचलून परत टाकलं तर कंटेंट आयडीने (यूट्यूबची गाणं ओळखणारी यंत्रणा) क्लेम करता येतो, डिस्ट्रिब्युटरला विचारा, बहुतेक देतात. मात्र हेही सांगतो की स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय, मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीमच्या खाली असलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा एक पैसा नाही. आणि यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षात लोकांनी बघितलेले चार हजार तास लागतात. तेव्हा कायदेशीर जागी शून्य, टपरीवर पण शून्य, फक्त टपरीवर वाजत तरी होतं.

कट्टर_आकडेमोड

@लंबू मान्य. चाललेल्या एकीतून पडलेल्या दहाचा खर्च, हा मुद्दा मी खाल्ला होता. शून्य मागे घेतो.

अवांतर: हळदीत, वरातीत गाणं वाजवणं ही पायरसी नाही, लग्नाशी संबंधित समारंभांना कायद्यातच सूट आहे. डीजेच्या पेनड्राइव्हमध्ये गाणं आलं कुठून, तो वेगळा विषय.

चिऊचीआई

मला एक सांगा, दर महिन्याला ॲपचे पैसे भरते मी, तर ते माझे पैसे मी ऐकते त्या गाणाऱ्यांनाच जातात ना? मी तर फक्त नाट्यगीतं ऐकते.

काळी_पाच

ताई, नाही. सगळ्यांचे पैसे एका मोठ्या पातेल्यात जातात आणि एकूण किती वेळा काय वाजलं त्या हिशोबाने वाटतात. तुमच्या पैशातला मोठा हिस्सा तुम्ही आयुष्यात न ऐकलेल्या पंजाबी रॅपरला जातो.

चिऊचीआई

शी!

दादर_स्लो

सगळ्यांचे आभार, लंबू, तुमच्या प्रतिसादाचा वेगळा धागा व्हायला हवा.

अपडेट देतो. काल संध्याकाळी मित्राला घेऊन परत त्या टपरीवर गेलो, भांडायला नाही, बोलायला. तो टपरीवाला चांगला निघाला. म्हणाला मला काय माहीत कोणाचं गाणं, ठाण्याहून एक पोरगा हार्ड डिस्क घेऊन येतो, दीडशे रुपयांत सगळं ओतून जातो. मित्राने सांगितलं हे माझं आहे, तर त्याचा विश्वासच बसेना, मग मित्राने तिथेच उभं राहून ध्रुवपद म्हणून दाखवलं, रिक्षावाले बघतायत. तेव्हा त्याने आमच्यासमोर फाइलचं नाव बदललं, मित्राचं नाव टाकलं (आडनाव चुकवलं), पुढे मोबाईल नंबर पण टाकला. चहा पाजला. पैशाचा विषय मी काढणार होतो तर मित्राने पाय दाबला.

आणि ऐका, आज सकाळी फोन आला! भांडुपचं एक मंडळ, माघी गणपतीला हे गाणं स्टेजवर लाइव्ह हवंय, पूर्ण टीम घेऊन या. मित्र हवेत. मी म्हटलं मानधन विचार. विचारलं. तर म्हणे बजेट नाही हो, पण प्रसिद्धी भरपूर मिळेल.

अर्धा_कटिंग

शाल-श्रीफळ फिक्स आहे, काळजी नसावी. कोरसला मी येतो, वडापाव चालेल.